सीलच्या चरबीचा अभ्यास: कॅलिफोर्निया की अंटार्क्टिका?

उपवासात शरीर चरबी कशी वापरतं हा प्रश्न असेल, तर माझं मत ठामपणे आन्यो न्युएवोच्या बाजूने. कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर उत्तरी एलिफंट सीलची मादी साधारण 4 आठवडे पिल्लाला पाजते आणि स्वतः काहीच खात नाही. दुधातली चरबी पुढे 50 टक्क्यांच्या वर जाते; आई डोळ्यांदेखत वाळते, पिल्लू पिंपासारखं फुगतं. मग आई समुद्रात निघून जाते आणि पिल्लू 2-3 महिने त्याच साठ्यावर काढतं. त्वचेखालच्या चरबीचा बारीक तुकडा काढायचा, जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं, रक्तात मोजता येणारं पाणी) टोचून रक्त तपासायचं; त्यातून शरीरातलं पाणी कळतं आणि त्यावरून चरबीही. मध्ये खाणं नाही, म्हणून हिशेब स्वच्छ!

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो परिसरातली वेडेल सीलची मादी 6-7 आठवडे पाजते, पण मधूनच डुबकी मारून खाऊनही येते. गणित तिथेच अडतं. शिवाय हवामान बिघडलं की काम ठप्प. मात्र गोठणारं पाणी, खोल डुबक्या आणि चरबी यांचा एकत्र विचार करायचा असेल, तर तिथे जायलाच हवं.

खुणा केलेल्या सीलच्या नोंदी दोन्हीकडे 1960च्या दशकापासून आहेत.