जुनी जेटिंग गाडी: दुरुस्त करायची, बदलायची की भाड्याने आणायची?

जेटिंग गाडी म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने तुंबलेली गटाराची लाइन मोकळी करणारी गाडी. ज्या नगरपरिषदेत हा विषय यंदा पटलावर आहे, त्यांनी कोटेशन मागवण्याआधी गाडीचं आरसी बुक काढून बघावं. १ एप्रिल २०२३ पासून महापालिका-नगरपरिषदांसह सगळ्या सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर चालत नाही. आधी नूतनीकरण झालेलं असलं तरी ते रद्द धरतात. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना. मैल्याच्या गाडीला नाही. म्हणजे चौदाव्या वर्षी इंजिन उघडून लाखो रुपये घालणं हा नुसता अपव्यय.

गाडी दहा-अकरा वर्षांची असेल तर मात्र दुरुस्तीचा विचार करायला हरकत नाही. चासी आणि वरचं यंत्र वेगवेगळं तपासा. जेटिंग पंपाचे सील आणि व्हॉल्व्ह बदलता येतात, होज नवा घेता येतो. टाकीचा तळ गंजून पातळ झाला असेल तर ठिगळं लावून दोन पावसाळे निघत नाहीत, हे मी पाहिलं आहे. गाळ ओढायला लागणारी हवेची पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, धरत नसलेली टाकी म्हणजे नुसता पाण्याचा टँकर.

दुरुस्ती पुढे ढकलल्याची किंमत कोण मोजतं तेही सांगतो. एका जूनमध्ये बाजारपेठेतली लाइन चोक झाली. आमची गाडी उभी होती, पण गेजचा काटा निम्म्या दाबावरच अडलेला. नोझल वीस फूट गेलं आणि थांबलं. मग बांबू आला. बांबूनेही भागेना, तेव्हा एकाने कमरेला दोर बांधायला घेतला. चेंबरमधून सडक्या अंड्यांचा वास येत होता. मी झाकण लावायला लावलं आणि शेजारच्या गावाहून गाडी मागवली. तोवर रस्त्यावर मैला वाहत राहिला. वाहू दे म्हटलं. त्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो.

नवी घ्यायची तर मुख्य लढत तिघांत आहे. पहिली, मधल्या आकाराची जेटिंग-सक्शन एकत्र असलेली गाडी. गाळ फोडणं आणि ओढणं एकाच फेरीत होतं, चालक-मदतनिसांची एकच टोळी पुरते. अडचण पाण्याची: मिनिटाला २५० लिटर फेकणारा पंप ४,००० लिटरची टाकी सोळा मिनिटांत रिकामी करतो. मग गाडी पाणी भरायला जाते आणि लोक खोळंबतात. जिथे उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येतं तिथे हा हिशेब आधी मांडा.

दुसरी, रिसायकलर. ओढलेलं सांडपाणी गाळून तेच पुन्हा जेटिंगला वापरते, त्यामुळे पाण्याची फेरी वाचते. पण ती जड, लांबलचक आणि कितीतरी महाग असते, शिवाय तिच्या गाळण्या रोज धुवाव्या लागतात. मोठ्या शहरातल्या मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांसाठी ती योग्यच. लाखभर वस्तीच्या गावाने ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी, छोट्या चासीवरची गाडी. हैदराबादच्या जलमंडळाने २०१७ मध्ये अशी ७० यंत्रं उतरवली, तीही पुण्यात स्थापन झालेल्या ‘डिक्की’ या दलित उद्योजकांच्या संघटनेला सोबत घेऊन. दिल्लीत २०१९ मध्ये अशाच २०० गाड्या आल्या. आपल्या जुन्या पेठांत आणि गावठाणात मोठी गाडी वळतच नाही, आणि चोकअप बहुतेक तिथेच होतात. टाकी लहान हे खरं, पण पोहोचलेली लहान गाडी नाक्यावर अडकलेल्या मोठीपेक्षा कामाची.

रोबोटबद्दल थोडक्यात: तिरुवनंतपुरमला २०१८ मध्ये कामाला लागलेला बँडीकूट चेंबरच्या तळचा गाळ माणूस न उतरवता काढतो. दोन चेंबरमधली तुंबलेली लाइन त्याने सुटत नाही. तो जेटिंगच्या जोडीला, जेटिंगऐवजी नव्हे.

भाड्याची गाडी भांडवल वाचवते. पण रात्री दोनला लाइन तुंबली तर ठेकेदार किती वेळात गाडी पाठवणार, हे करारात लिहून घ्या. आणि ठेका दिला म्हणून जबाबदारी सुटत नाही. हाताने मैला सफाईवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा स्थानिक संस्थेला थेट किंवा आडमार्गाने, कुणाकडूनही गटाराची धोकादायक सफाई करून घ्यायला मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली.

माझा कौल: मधल्या गावाने एक मधली एकत्र गाडी आणि एक छोटी घ्यावी, आणि मुख्य वाहिनीच्या वार्षिक सफाईपुरती रिसायकलर भाड्याने आणावी. निविदेत पाच वर्षांचा देखभाल करार, होज-नोझलचे सुटे भाग आणि चालकाचं प्रशिक्षण हवंच. सक्शनची खोली कागदावर मानू नका. नुसत्या व्हॅक्यूमने पाण्याचा स्तंभ दहा मीटरच्या वर चढत नाही, प्रत्यक्षात सात-आठच धरा.

डेमो कंपनीच्या आवारात बघू नका. आपल्या गावातल्या सगळ्यात अरुंद बोळातल्या, सगळ्यात खोल चेंबरवर गाडी बोलवा. होज आपल्याच माणसाच्या हातात द्या आणि परत जाताना गाडी कशी वळते तेही उभं राहून बघा.