ट्रेकिओस्टॉमी : ठरवून केलेली आणि ऐन वेळी करावी लागलेली

अतिदक्षता विभागाच्या दाराशी ट्रेकिओस्टॉमीचे, म्हणजे मानेत छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेचे, संमतिपत्र पुढे आले, की ‘आणखी चार दिवस थांबून पाहू’ हे नातेवाइकांच्या तोंडून सहज निघते. हे थांबणे काही रुग्णांना चालते, काहींच्या मात्र जिवावर बेतते.

तोंडातून घातलेल्या नळीने व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग सुरक्षित असतो, त्यामुळे तेथे घाई क्वचितच लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ट्रॅकमॅन चाचणीत, पहिल्या ४ दिवसांत शस्त्रक्रिया करण्याचा आणि १० दिवसांनंतर गरज उरल्यासच करण्याचा, अशा दोन गटांच्या ३० दिवसांतील मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. थांबलेल्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांवर तर ती झालीच नाही. मिळालेल्या वेळात रक्त गोठण्याच्या तपासण्या होतात, रक्त पातळ करणारी औषधे थांबवता येतात आणि श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यांच्या दरम्यान नेमका छेद घेता येतो. धोका तरीही शून्य नसतो: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कफाने नळी तुंबणे आणि, सर्वांत घातक म्हणजे, मार्ग पक्का होण्यापूर्वी पहिल्या आठवड्यात नळी निसटणे.

तातडीच्या शस्त्रक्रियेत हे धोके कित्येक पटींनी वाढतात. गुदमरलेला रुग्ण आडवा झोपू शकत नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या असतात आणि प्राणवायू झपाट्याने उतरत असतो. अशा घाईत नळी श्वासनलिकेऐवजी तिच्या पुढच्या ऊतींत शिरू शकते, फुप्फुसाभोवती हवा साठू शकते. छेद फार वर गेला तर स्वरयंत्राखालचे कडे दुखावून पुढे तेथे अरुंदपणा येतो. मेंदूला प्राणवायू न मिळालेली मिनिटे तर कोणत्याही कौशल्याने परत येत नाहीत. म्हणूनच श्वास पूर्ण कोंडला आणि तोंडातूनही नळी जाईना, तर बहुधा आधी मानेच्या पुढच्या बाजूने स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधला पातळ पडदा छेदून वाट काढतात, कारण ते अधिक लवकर होते.

घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या गाठीमुळे श्वासाला घरघर लागलेल्या रुग्णाचे गणित मात्र वेगळे आहे. त्याच्या घशात आधाराची नळी नसते. आवाज जाईल या भीतीने असे रुग्ण शस्त्रक्रिया टाळतात, आणि ती भीती पूर्णपणे चुकीची नाही, कारण सुरुवातीला हवा स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. परंतु स्वरयंत्र शाबूत असलेल्या अनेकांना पुढे नळीला बसवलेल्या झडपेच्या साहाय्याने बोलता येते. मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात तपासण्या चालू असलेला आणि विरारला किंवा बदलापूरला राहणारा रुग्ण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो, तेव्हा त्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा: मुसळधार पावसाच्या रात्री लोकल बंद पडल्या, परळजवळच्या हिंदमाताला पाणी साचले आणि श्वास कोंडला, तर परळ गाठायला किती तास लागतील?