वॉटर ब्रश पेन आणि वड्यांचे रंग: दवाखान्यात बसून चित्रं काढणाऱ्या आयांसाठी

लेकरू नेफ्रोटिक सिंड्रोमने आजारी आहे आणि तरी चित्रं काढायचीच आहेत, अशी कोणी आई हे वाचत असेल तर ताई, वॉटर ब्रश पेन घ्याच. कंपनी कुठलीही चालेल, रचना सगळ्यांची सारखीच, दांडी पोकळ असते, तिच्यात पाणी भरायचं आणि जरा दाबलं की नायलॉनच्या टोकातून उतरतं. सोबत मी वॉटरकलरच्या १२ सुक्या वड्यांचा छोटा डबा वापरते.

एवढं छातीठोकपणे सांगतेय ते पाण्याच्या ग्लासामुळे. या आजारात किडनीतून प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, अंगात पाणी साचतं, सूज जास्त असली की डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात, किती प्यायला नि किती लघवी झाली सगळं चार्टवर लिहायचं. जळगावचा मे महिना, बाहेर ४४ डिग्री, पोरगा सारखा "मम्मी पाणी दे ना" करतोय आणि मी त्याच्यासमोर ब्रश बुडवायला ग्लासभर पाणी घेऊन बसू? माझ्याच्याने नाही होत. पेनातलं पाणी त्याला दिसतच नाही. पाच स्टार मी एवढ्यासाठीच देते.

दुसरं म्हणजे एका हाताने काम होतं, कारण दुसरा हात सलाईनवाल्या हातावर ठेवलेला असतो. सिस्टर आली की टोपण लावायचं, झालं.

मी काढते काय तर त्याचा सकाळचा चेहरा. सूज आधी डोळ्यांभोवती दिसते, तीही उठल्या उठल्या. मग प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडचं औषध, सुरू झालं की गाल गोल गोल होतात, तो गोलपणा वेगळा, सुजेचा वेगळा, हे मला चित्रं काढूनच नीट दिसायला लागलं. घरी रोज पहिल्या लघवीत प्रोटीन तपासायची पट्टी बुडवतो, पिवळी राहिली तर निल, म्हणजे प्रोटीन नाही, हिरवी होत गेली की प्लस वाढत जातात आणि तीन दिवस सलग तीन प्लस आलं म्हणजे आजार परत आला. तो त्या दिवशीचा हिरवा मी पानाच्या कोपऱ्यात मिसळून लावते. डब्यातला हिरवा फार भडक आहे, त्यात पिवळा आणि किंचित तपकिरी घालावा लागतो.

आता त्रुटी. जोरात दाबलं की पाण्याचा ठिपका पडून पान खराब होतं, आणि स्वस्त पेन आटे नीट बसले नाहीत तर पिशवीत गळतात. पांढरी वडी तर खडूसारखी आहे. सुजलेल्या पापणीवर जी चकाकी असते ती तिने येत नाही, तिथे कागद कोराच सोडा.

कोणी म्हणतं असल्या दिवसांची चित्रं कशाला, बरा झाला की हसरी काढ. अजिंठ्याला २ नंबरच्या लेणीत हारिती बघा, मांडीवर लेकरू घेतलेली. लेकरांना खाणारी यक्षीण होती ती, बुद्धाने तिचंच लेकरू लपवलं तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं, अशी कथा आहे. आईपणातली भीती तेव्हाच्या कारागिरांना दगडात कोरावीशी वाटली, मग मी माझ्या वहीत का नको? मला ही चित्रं हवीत, त्याचे हे दिवस पण त्याचेच आहेत ना.

वॉर्डात बाजूच्या कॉटवरची पारोळ्याकडची माय बघत बघत म्हणाली, "मना पोऱ्यानं बी काढ ना व ताई." काढलं. तिने नाक जरा बारीक करायला लावलं, तेही केलं, पेनाने ओला रंग टिश्यूवर टिपून घेता येतो म्हणून जमलं.

वही पोस्टकार्ड साइजची घ्या, उशीखाली मावते, कागदाची जाडी २०० जीएसएमच्या खाली नको, पातळ कागद फुगतो. ट्यूबवाले रंग दवाखान्यात नकोतच, चादरीला लागले की धुवायला परत आपणच.