यूएफडब्ल्यू फायरवॉल: लॅपटॉपवर ठेवली, सर्व्हरवरून काढली

यूएफडब्ल्यू, म्हणजे 'अनकॉम्प्लिकेटेड फायरवॉल' (लिनक्सवर नको त्या जोडण्या अडवणारं साधन), मी बरेच महिने दोन ठिकाणी वापरली. एक घरचा लिनक्स मिंटचा लॅपटॉप आणि दुसरा भाड्याने घेतलेला छोटा उबंटू सर्व्हर. लॅपटॉपवर ती आजही आहे, सर्व्हरवरून काढून टाकली.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उबंटूमध्ये ती २००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून सोबतच येते, पण बंद असते. डेबियनवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल यूएफडब्ल्यू' म्हटलं की झालं. कमांडचा कंटाळा असेल तर जीयूएफडब्ल्यू आहे, त्यात सगळं बटणांवर चालतं. चालू केल्यावर बाहेरून येणारं सगळं अडवलं जातं आणि आपण बाहेर जातो ते मोकळं राहतं. घरगुती वापराला एवढं पुरतं.

दूरच्या सर्व्हरवर मात्र 'एनेबल' म्हणण्याआधी 'सुडो यूएफडब्ल्यू लिमिट एसएसएच' द्या. याने एसएसएचचं (दूरच्या मशीनवर कमांड चालवायच्या जोडणीचं) दार उघडं राहतं आणि एकाच पत्त्यावरून ३० सेकंदांत सहा किंवा जास्त जोडण्या आल्या तर तो पत्ता अडवला जातो. त्यानंतर 'एनेबल' केलं तरी सध्याची एसएसएच जोडणी तुटू शकते, पुढे जायचं का, असं यूएफडब्ल्यू विचारतेच. हा प्रश्न वाचून मगच 'वाय' दाबा.

लॅपटॉपवर पहिली अडचण आली ती केडीई कनेक्टची, म्हणजे फोन लॅपटॉपशी जोडणाऱ्या ॲपची. फायरवॉल चालू झाली आणि फोन दिसेनासा झाला. त्याला १७१४ ते १७६४ हे पोर्ट (जोडण्यांची क्रमांक असलेली दारं) लागतात, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींचे. सरसकट उघडण्याऐवजी मी ते फक्त घरच्या नेटवर्कच्या पत्त्यांना उघडले. अशी रेंज देताना टीसीपी की यूडीपी हे सांगावंच लागतं, त्यामुळे नियम दोन होतात. नियम काढायला 'स्टेटस नंबर्ड' (क्रमांकांसह नियमांची यादी) उत्तम, पण एक नियम काढला की खालचे क्रमांक वर सरकतात. एकाहून जास्त काढायचे असतील तर तळापासून सुरुवात करा.

लॉग बघून घाबरू नका. 'यूएफडब्ल्यू ब्लॉक' अशा ओळी सतत येतात आणि त्यात २२४.०.०.१ हा पत्ता दिसला तर तो बहुतेक वेळा आपल्याच राउटरचा नेहमीचा पुकारा असतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र पोर्ट २३ वर येणारी खटखट खरीच परक्यांची असते. आयपीव्ही६ चे (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचे) नियमही यूएफडब्ल्यू सोबतच लावते, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे मोबाइल डेटावर आयपीव्ही६ सर्रास मिळतो आणि हॉटस्पॉटवर लॅपटॉपलाही थेट इंटरनेटवरचा पत्ता मिळू शकतो.

सर्व्हरवरून काढली ती डॉकरमुळे, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनामुळे. डॉकर कंटेनरचा पोर्ट उघडताना कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्वतःचे नियम घालतो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. 'स्टेटस' मध्ये डेटाबेसच्या पोर्टचं नावही नाही, पण बाहेरच्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवला की तोच पोर्ट उघडा. कंटेनर १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनला, बांधला तर प्रश्न मिटतो आणि तुमचे कंटेनर एक-दोनच असतील तर तेवढंच करा. माझे वाढत गेले, म्हणून सगळे नियम थेट एनएफटेबल्समध्ये (कर्नलला नियम देणाऱ्या साधनात) एका फाइलीत लिहिले.

काढण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. यूएफडब्ल्यू हा नुसता कारकून आहे, अंमलबजावणी कर्नलमधलं नेटफिल्टर करतं. त्यामुळे पॅकेज उडवलं म्हणजे कर्नलमधले नियमही गेले, असं गृहीत धरू नका. आधी 'सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल', मगच 'ॲप्ट पर्ज'. नुसतं 'रिमूव्ह' केलं तर सेटिंग्जच्या फाइली मागे राहतात. नियम जपायचे असतील तर आधी 'यूएफडब्ल्यू रीसेट' चालवा. ते फायरवॉल बंद करतं आणि जुन्या नियमांची तारीख-वेळ घातलेली प्रत '/etc/ufw' फोल्डरमध्ये ठेवतं. पर्ज करण्याआधी ती प्रत दुसरीकडे उचलून ठेवा.

फायरवॉल चालू असताना 'आयपीटेबल्स -एफ' देऊन नियम पुसायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने नियम जातात, पण येणाऱ्या वाहतुकीचं मूळ धोरण 'ड्रॉप' तसंच राहतं. म्हणजे परवानगी देणारे नियम गेले आणि अडवणारं धोरण उरलं. एसएसएच तिथेच गोठतं आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या वेब कन्सोलमधून आत शिरावं लागतं. 'डिसेबल' केल्यावर ते धोरण परत 'ॲक्सेप्ट' होतं, म्हणून हा क्रम.

डिसेबलनंतर 'आयपीटेबल्स -एस' दिलं तर 'यूएफडब्ल्यू-' ने सुरू होणाऱ्या चेनची (नियमांच्या साखळ्यांची) लांबलचक यादी दिसते. त्या रिकाम्या असतात, कुणाला अडवत नाहीत आणि मशीन रीबूट केलं की नाहीशा होतात. आयपीव्ही६ साठी 'आयपी६टेबल्स -एस' वेगळं पाहा.

डॉकर नसलेल्या घरगुती लॅपटॉपवर यूएफडब्ल्यू डोळे झाकून घ्या. डॉकरवाल्या सर्व्हरवर ठेवायचीच असेल तर प्रत्येक नवा कंटेनर चढवल्यावर बाहेरून एनमॅप चालवून बघा, नुसत्या 'स्टेटस' वर विसंबू नका.