स्थिर की फिरता? छोट्या दवाखान्यासाठी एक्स-रे ट्यूब निवडताना

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. एक्स-रे मशीन घ्यायला निघालेल्या हाडांच्या डॉक्टरांना मला हेच कोडं घालावंसं वाटतं. ते विचारतात, "पोर्टेबल पुरेल की 300 एमएचं बसवू?" एमए म्हणजे मिलिअँपिअर, ट्यूबमधल्या करंटचं माप. मला मात्र आधी विचारावं लागतं, की ट्यूबमधला अ‍ॅनोड (ज्यावर मारा होऊन क्ष-किरण निघतात तो भाग) स्थिर हवा की फिरता?

मूळ रचना दोन्हींची एकच, 1913 साली कूलिज यांनी घडवलेली. निर्वात नळीत एका बाजूला कॅथोड, त्यात टंगस्टनची बारीक गुंडाळी. ती तापली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि हजारो व्होल्टच्या ओढीने समोरच्या अ‍ॅनोडवर आदळतात. या माऱ्यातून क्ष-किरण निघतात जेमतेम 1 टक्का, बाकी सगळी उष्णता. आणि ती पडते मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या ठिपक्यावर. ठिपका मोठा केला तर उष्णता पसरेल, पण फोटो धूसर येईल. 3422 अंशांपर्यंत न वितळणारं टंगस्टनसुद्धा इथे टेकीला येतं.

स्थिर अ‍ॅनोडमध्ये टंगस्टनची छोटी चकती तांब्याच्या जाड ठोकळ्यात बसवलेली असते. तांबं उष्णता ओढून घेतं आणि भोवतालच्या तेलात सोडतं. हलणारा भाग एकही नाही, म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. दाताची मशीन आणि बरीचशी हलकी पोर्टेबल याच जातीची. साध्या प्लगवर चालतात, खाटेपाशी नेता येतात.

फिरत्या अ‍ॅनोडची ट्यूब फिलिप्सने 1929 मध्ये आणली. यात अ‍ॅनोडची तबकडीच फिरते, मिनिटाला जवळपास 3000 वेळा. काचेबाहेर स्टेटर (मोटरचा स्थिर भाग), आत रोटर (फिरणारा भाग), म्हणजे घरातल्या पंख्याचीच मोटर, फक्त मध्ये निर्वात पोकळी. मारा तबकडीच्या कडेच्या पूर्ण वर्तुळावर वाटला जातो, त्यामुळे ठिपका लहान ठेवूनही कित्येक पट जास्त करंट सोसतो. तबकडीचा दांडा मुद्दाम बारीक, मॉलिब्डेनमचा, म्हणजे उष्णता बेअरिंगपर्यंत कमी पोचते.

या सगळ्याचा पेशंटला उपयोग काय? वेळ वाचतो. हाताच्या पंजाला 3 एमएएस (एमए गुणिले सेकंद) लागतात असं धरा. 20 एमएवर 0.15 सेकंद. चालतं, प्लॅस्टरमधला हात कुठे पळतोय? कमरेच्या मणक्याच्या आडव्या फोटोला 60 एमएएस धरले, तर त्याच मशीनवर 3 सेकंद. कण्हणाऱ्या म्हाताऱ्या आजींना 3 सेकंद श्वास रोखायला सांगून बघा. 300 एमएवर तेच काम 0.2 सेकंदात होतं. डीआर पॅनेल (फिल्मऐवजी फोटो टिपणारी डिजिटल पाटी) चांगलं असेल तर एमएएस कमी लागतात आणि लहान ट्यूबची उणीव थोडी झाकली जाते. पण रडणारं मूल हलायचं ते हलतंच.

म्हणून माझं मत सरळ आहे. हात, पाय, गुडघे आणि प्लॅस्टरनंतरची तपासणी एवढंच काम असेल तर स्थिर अ‍ॅनोड घ्या, उरलेले पैसे पॅनेलवर घाला. मणका, खुबा, छाती, लहान मुलं रोजची असतील तर फिरताच घ्या. त्यासाठी जास्त लोडची वीज आणि जागा लागेल, हे आधीच मोजा. पाटीवरच्या एमएच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. तो किती केव्हीला (किलोव्होल्ट, म्हणजे ट्यूबवरचा विजेचा दाब) मिळतो ते विचारा. केव्ही वाढवला की लहान मशीनचा एमए उतरतो. आणि पोर्टेबल घेतलं म्हणून एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आणि अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज चुकत नाहीत.

फिरत्याची एक खोड सांगतो. बटणाच्या पहिल्या टप्प्यात रोटर वेग घेतो आणि फिलामेंट (कॅथोडची गुंडाळी) जास्त तापतं. काही जण पेशंट नीट झोपेपर्यंत तिथेच अंगठा दाबून ठेवतात. तेवढा वेळ टंगस्टन उडत राहतं, काचेवर आतून थर चढतो, बेअरिंगही झिजतात. आधी पेशंट, मग बटण.

जुनं मशीन बघायला गेलात तर पहिला टप्पा दाबून कान द्या. एकसुरी घूं आवाज आला तर ठीक. खरखर ऐकू आली तर घासाघीस करण्याआधी नव्या ट्यूबचा भाव काढा.