पियानोची सुरुवात : एरंडवण्यातील एका घरगुती वर्गाचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या सात वर्षांच्या मुलीला गेल्या जूनपासून आम्ही पुण्याच्या एरंडवण्यातील एका घरगुती वर्गात पियानो शिकायला पाठवत आहोत. एका वेळी एकच मूल, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, महिन्याला साडेतीन हजार रुपये. बाईंना जाहिरात नको असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही; परंतु मुलांना कोठे घालावे या विचारात असलेल्या पालकांना त्यांच्या शिकवण्याची पद्धत कळावी, असे मनापासून वाटते.

त्याआधी पाच महिने ती दुसऱ्या एका वर्गात जात होती. तेथे चार मुले 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर, कानाला हेडफोन लावून एकाच वेळी वाजवत आणि तिसऱ्या महिन्यातच परीक्षेचा अर्ज हातात आला. तिला तीन धून पाठ झाल्या होत्या, पण समोरच्या कागदावरचा एकही सूर वाचता येत नव्हता, आणि डावा हात तर मांडीवरून उठतच नव्हता.

नव्या बाईंनी पहिल्या दिवशी तिला काहीच वाजवू दिले नाही. बाकावर बसल्यावर तिचे पाय लोंबकळत होते, म्हणून त्यांनी आतून जेवणाचे दोन पाट आणून एकावर एक ठेवले, पाय त्यांवर टेकवले आणि मग कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईपर्यंत बाक वरखाली केला. त्यानंतर पियानोची समोरची फळी काढून आतल्या हातोड्या दाखवल्या. पट्टी अगदी सावकाश दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि आवाज येत नाही, जरा वेगाने दाबली तर मऊ सूर येतो, आणखी वेगाने दाबली तर खणखणीत, हे मुलीने स्वतः दहा-बारा वेळा करून पाहिले. इटलीत 1700 च्या सुमारास क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवले ते हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज बोटांच्या ताब्यात यावेत म्हणून, आणि त्याचे ‘पियानोफोर्ते’ हे नावही त्यावरूनच पडले, हे तिला त्या दिवशी हातांनी कळले.

आमच्या घरी आजोबांची पेटी आहे. पेटीत डावा हात भात्यावर असतो आणि आवाजाचा जोर भात्यातून येतो. पियानोत दोन्ही हातांना स्वतंत्र काम असते आणि जोर प्रत्येक बोटाचा वेगळा असतो, त्यामुळे पेटी येणाऱ्या मुलालाही येथे नव्याने सुरुवात करावी लागते. बाईंनी मात्र पेटीची ओळख वाया जाऊ दिली नाही. ‘मिडल सी’, म्हणजे पट्ट्यांच्या साधारण मध्यावरचा ‘सी’ हा सूर, दाखवताना त्या म्हणाल्या, “ही तुमच्या आजोबांची पांढरी एक.” पेटीवर त्या सुराच्या पट्टीला पांढरी एक म्हणतात. घरी येऊन मुलीने आजोबांकडून तो सूर पेटीवर वाजवून घेतला, आणि तेव्हापासून संध्याकाळच्या सरावाला आजोबा शेजारी बसतात.

सराव रोज पंधरा मिनिटे, एवढीच बाईंची अट आहे. पण घरचे वाद्य वजनदार पट्ट्यांचे, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड पट्ट्यांचे, आणि पूर्ण 88 पट्ट्यांचे हवे, यावर त्या ठाम आहेत. आम्हाला अशा डिजिटल पियानोसाठी सुमारे पन्नास हजार रुपये मोजावे लागले. हा खर्च प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवा होता. आम्हाला तो दुसऱ्या महिन्यात कळला. आठ महिन्यांत ती दोन्ही हातांनी सोप्या धून कागदावरून वाचून वाजवते. परीक्षेचा विषय बाईंनी अजून काढलेला नाही, आणि आम्हीही काढलेला नाही.

आमच्याकडून बुडालेला तास भरून मिळत नाही आणि शुल्क तीन महिन्यांचे आगाऊ द्यावे लागते. शिवाय बाईंचा पियानो जुना आहे. जुलैत हवेतल्या दमटपणाने त्याची एक पट्टी दाबल्यावर वर यायला वेळ लावत होती, आणि दुरुस्ती करणारे गृहस्थ येईपर्यंत तीन आठवडे मुलगी तेवढा एक सूर तोंडाने म्हणत होती.