लाकडी बॉक्स कॅमेरे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी स्वस्तातले जुने लाकडी बॉक्स कॅमेरे, म्हणजे एका भिंगाचे साधे डब्यासारखे कॅमेरे, जमवू लागलो. आज माझ्याकडे पाच आहेत आणि त्यांतले लाकडी तीनच आहेत, हे आधीच सांगून टाकतो. विकणाऱ्यांनी पाचही ‘अस्सल लाकडी’ म्हणूनच दिले होते. काळ्या चामड्याच्या आवरणाखाली लाकूड आहे की दाबलेला पुठ्ठा, हे बाहेरून कळत नाही. ठोकून पाहिल्यानेही खात्री होत नाही, कारण पुठ्ठ्याच्या काही कॅमेऱ्यांतही फिल्म बसवायची आतली चौकट लाकडीच असते. मी आता मागचे झाकण काढून कडा पाहतो. लाकूड असेल तर कोपऱ्यात दातांसारखे एकमेकांत गुंतवलेले सांधे आणि लाकडाच्या रेषा दिसतात. पुठ्ठा असेल तर झिजलेल्या कडेला वहीच्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. कोडॅकचा 1900 साली आलेला पहिला ब्राउनी पुठ्ठ्याचाच होता, त्यामुळे ब्राउनीचा डबा ‘लाकडी’ म्हणून समोर आला की मी किंमत विचारण्याआधी झाकण उघडायला सांगतो.

साल ओळखण्यात मी सुरुवातीलाच फसलो. आत चिकटवलेल्या कागदावर तारखांची यादी होती, आणि तिच्यातली पहिली तारीख हेच निर्मितीचे साल असे विकणाऱ्याने ठामपणे सांगितले. त्या तारखा पेटंटच्या असतात. यादीतल्या सर्वांत अलीकडच्या तारखेच्या आधी तो कॅमेरा बनलेला नाही, एवढेच त्यांवरून ठरते. त्यानंतर तो कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो. नावावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण बाहेरची पाटी पुष्कळदा बनवणाऱ्याची नसून दुकानदाराची असते. त्यापेक्षा पट्टी घेऊन फिल्मसमोरची चौकट मोजावी. साडेतीन इंची चौरस चौकट मिळाली, तेव्हा माझा दुसरा कॅमेरा 101 क्रमांकाच्या फिल्मचा आहे हे कळले आणि शोध बुल्स-आय नावाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला. हे नाव आधी बोस्टन कॅमेरा मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे होते. फिल्ममागच्या कागदावर आकडे छापून ते लाल खिडकीतून पाहायची सोय तिने 1892 मध्ये आणली, आणि 1895 मध्ये कोडॅकवाल्या ईस्टमनने ती कंपनीच विकत घेतली. म्हणून नुसते ‘बुल्स-आय’ वाचून थांबू नये. त्याच्याजवळ बोस्टन लिहिले आहे की ईस्टमन, हेही पाहावे.

101 फिल्म आता मिळत नाही. 120 ची फिल्म 1901 पासून आजही बनते, पण ती बरीच अरुंद आहे. मी रिळाच्या दोन्ही टोकांना लाकडी चकत्या बसवल्या आणि चौकटीवर काळ्या कार्डाचा मुखवटा लावला; तो नसताना फिल्मच्या कडांना आधार मिळत नव्हता व ती पन्हळीसारखी वळत होती. माझ्या कॅमेऱ्याची लाल खिडकी मधोमध असल्याने तिच्यातून 6×6 सेंटिमीटरच्या लहान चित्रांसाठीचे आकडे दिसतात आणि प्रत्येक आकड्यावर थांबलो तर चित्रे एकमेकांवर चढतात. पहिला रोल त्यातच गेला. एक आकडा सोडून थांबल्यावर सहा चित्रे स्वच्छ मिळतात. आजच्या फिल्मला लाल प्रकाशही बाधतो, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी ठेवून ती फक्त रीळ फिरवताना, सावलीत, उचलतो.

तरीही प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक धुरकट पट्टा येत होता. दोष भिंगाचा असेल म्हणून मी दोन महिने तेच पुसत बसलो. शेवटी रात्री अंधाऱ्या खोलीत पेटता छोटा टॉर्च आत ठेवून झाकण लावले, तेव्हा डाव्या सांध्यातून केसाएवढी उजेडाची रेघ बाहेर आली. लाकूड आकसून सांधा उघडला होता. आतून काळी लोकर दाबून बसवल्यावर पट्टा गेला.

तिसरा लाकडी कॅमेरा प्लेट, म्हणजे फिल्मऐवजी वापरायची काच, पाडणारा आहे. यात पत्र्याच्या कोशांतल्या बारा काचा एकामागे एक उभ्या राहतात, मागची स्प्रिंग त्यांना पुढे रेटते आणि खटका फिरवला की पुढची काच तळाशी आडवी पडते. मी कोशांत काचेऐवजी फोटोचा कागद कापून घालतो. कागद फिल्मपेक्षा फारच मंद असल्याने शटर हाताने उघडे धरावे लागते व कॅमेरा भक्कम ठेवावा लागतो. एक कोश जरासा वाकलेला होता. त्याच्यासोबत मागचाही खाली आला आणि दोन चित्रे एका खटक्यात वाया गेली. आता भरण्याआधी प्रत्येक कोश काचेवर ठेवून सपाट आहे का ते बघतो.

साध्या एका भिंगाचे हे कॅमेरे मध्यभागी अपेक्षेपेक्षा स्पष्ट चित्र देतात, कडेला विरघळतात, आणि जवळचे चेहरे त्यांना झेपत नाहीत. व्ह्यूफाइंडरचा, म्हणजे चित्रात काय येणार ते पाहायच्या खिडकीचा, आरसा बहुधा आंधळा झालेला असतो, पण तो कापून बदलता येतो. शटर अडकले तर कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. तेल अजिबात घालू नये, ते पात्यांवर पसरते आणि पुढच्या वेळी शटर अर्ध्यावरच थांबते. फक्त फोटो काढायचे असतील, तर 120 फिल्म थेट घेणारा पुठ्ठ्याचा ब्राउनी क्रमांक 2 घ्यावा. माझ्या पाचांत सर्वांत जास्त रोल त्यातूनच गेले आहेत.